डब्यावरचा विश्वास

कोरेगावच्या बाजूला हंबीररावांचा ऊस होता आणि विहिरीवर त्यांचा धाकटा भाऊ आप्पासो. वीस वर्षं त्याचं एकच काम, लाईट आली की मोटार चालू करायची. आप्पासो जरा मंद होता, पण पाण्याची एकही पाळी त्यानं चुकवली नव्हती.

फौजेतनं रिटायर होऊन आल्यावर हंबीररावांनी ऑटो बसवला. लाईट आली की आपोआप मोटार सुरू करणारा पत्र्याचा डबा. बघायला जमलेल्या गड्यांसमोर ते म्हणाले, "बघ आप्पा, ह्याला लाईट आलेली कळती. तुझ्यापेक्षा ह्याला जास्त मन हाय." गडी हसले.

आप्पासोनं ते खरं धरलं. तो रोज डबा फडक्यानं पुसायचा, त्याच्याशी बोलायचा. हंबीररावांची बायको मनुबाई म्हणाली, "आवं, भाऊजी त्याला माणूस समजाय लागल्यात. नीट सांगा की."

"समजू दे. तेवढीच करमणूक."

दोन महिन्यांनी पंपाचा पट्टा उतरला. लाईट गेलेली. आप्पासो पट्टा चढवायला वाकला. शेजारच्या रानात खुरपणाऱ्या रंगूबाईला त्याचा आवाज ऐकू आला. तो डब्याला सांगत होता, "थांब हं जरा. माझा हात आत हाय."

लाईट आली. मोटार सुरू झाली.

साताऱ्याच्या दवाखान्यात त्याचा उजवा हात मनगटापासून काढावा लागला. तो शुद्धीवर येताच हंबीरराव ओरडले, "येड्या, बटन बंद करायचं हुतं! पत्र्याला सांगून कळतंय व्हय?"

"तुमीच म्हनला हुता, दादा. त्याला मन हाय."

"चेष्टा केली रं!"

आप्पासो हळूच म्हणाला, "म्हंजे त्याचा माझ्यावर राग न्हाई?"

"मनच न्हाई त्याला. राग कुठला?"

आप्पासोचा चेहरा एकदम निवळला. खाटेशी बसलेली मनुबाई उठून बाहेर गेली आणि जिन्यात पदर तोंडाला लावून उभी राहिली.

दिवाळीनंतर हंबीररावांच्या लेकीच्या, राजनंदिनीच्या लग्नात आप्पासो डाव्या हातानं पंगतीला पाणी वाढत होता. पाहुण्यांनी हाताचं विचारलं. हंबीररावांनी आप्पासोच्या आवाजाची नक्कल करून सगळा किस्सा सांगितला. अख्खी पंगत हसली. थोरला भाऊ रंगात आलाय म्हणून आप्पासोही हसला.

मनुबाईनं त्याच्या हातातला जग काढून घेतला आणि त्याला पानावर बसवलं. त्याला अजून डाव्या हातानं भात कालवता येत नव्हता.