भावजयीचं नाव

अल्लीपुरात सदाशिवरावांच्या ओसरीवर सकाळीच देशाच्या पहिल्या निवडणुकीच्या मतदारयादीचे कागद पसरले गेले. यादी दुरुस्त करायला आलेली सुलोचना केळझरची. वर्ध्याच्या कॉलेजात शिकणारी, सुट्टीत हे काम अंगावर घेतलेली. गेल्या खेपेला चूक तिच्याच हातून झाली होती. घरातल्या विधवेचं नाव कोणी सांगेना, म्हणून संकोचून तिने 'सदाशिवरावांची भावजय' एवढंच लिहिलं. स्वतःचं नाव नसलेल्या बाईची ओळ खोडायची, असा नियम होता. आणि अल्लीपुराच्या यादीचा आज शेवटचा दिवस.

"काकाजी, तुमच्या भावजयीचं नाव सांगा."

"सकाळच्या पारी रांडवेचं नाव घेत नसतेत, बाई. दिवसभर अन्न मिळत नाई. लिव तसंच, भावजय म्हणून."

"तसं चालत नाई. त्याईलेही मत आहे, तुमच्याइतकंच."

"तिले मत?" सदाशिवराव खो खो हसले. "कोंबडीले इचारून मसाला वाटतेत का कुठं? लय शिकली वो तू!"

सुलोचनाच्या अंगाची लाही झाली. या बाईने पहाटे उठून दळलेलं पीठ चालतं, तिने थापलेली भाकर दोन्ही वेळा चालते. अशुभ तेवढं तिचं नाव! ती उठली आणि सरळ सैपाकघराच्या दाराशी गेली.

चुलीपुढच्या बाईने पदर ओढून घेतला.

"मावशी, नाव काय तुमचं?"

"मले काऊन इचारतं, माय? भाऊजीले इचार."

"तुम्हालेच इचारून राह्यली. नाई सांगितलं तर आज तुमची ओळ खोडतीन."

ओसरीवरून आवाज आला, "तोंड उघडलं, तं या घरचं अन्न बंद!"

बाईने तव्यावरची भाकर उलटली. मग मान न वळवता म्हणाली, "अन्न तं मीच रांधतो ना, भाऊजी. अठ्ठावीस वर्सं झाली." आणि सुलोचनाकडे पाहून, "लिव माय. भागीरथा."

सुलोचनाने लिहिलं, मोठ्याने वाचून दाखवलं.

"अजून एक डाव म्हण बरं," बाई हळूच म्हणाली. "लय दिस झाले, कोणी हाक नाई मारली."

संध्याकाळी वर्ध्यात यादीच्या कामावरची बरोबरची मुलं कागद जुळवत बसली होती. सुलोचनाने त्यांना घडलेलं सांगितलं आणि म्हणाली, "पुढच्या गावांत ओसरीवर बसून यादी करू नका. आत जा. बाईचं नाव बाईच्याच तोंडून घ्या. माझ्यासारखा संकोच केलात, तर खोडणारा हात तुमचाच."

"झालं की आता," एक जण म्हणाला. "नाव लागलं, आपलं काम संपलं."

"संपलं?" तिचा आवाज चढला. "त्या बाईला आज घरात जेवू दिलं की नाही, ठाऊक आहे तुला? मी उद्या जाऊन विचारणार आहे. बोल, येतोस?"