स्वाइनुंगमामाचे शेवटचे चार कोस

बायबलवर हात ठेवून सांगते, यातला शब्दन् शब्द खरा आहे. खोटं निघालं तर माझी जीभ झडो, आणि जीभ मला किती प्यारी आहे ते तुम्हाला ठाऊकच आहे.

स्वाइनुंग माझा मामा. त्याच्याआधी तेलेमार्कातल्या आमच्या खोऱ्यात स्की म्हणजे शिकारीला जाणाऱ्या पुरुषांची चीज. बर्फ पडलं की बायका नि म्हातारे घरात कोंडलेले. मामानं ठरवलं, सगळ्यांना चालवायचं. घरोघर जायचा, हात वर करायला लावायचा, तळहातापर्यंत माप घ्यायचा नि बर्चच्या लाकडाची जोडी तासून द्यायचा.

शेजारचा गुट्टोर्म ओरडायचा, "काय रे स्वाइनुंग, आता गाईंनाही फळ्या बांधणार का?"

"गाई शिकतील रे. पंचाईत तुझी आहे."

तीस वर्षांत अख्खं खोरं भर हिवाळ्यात डोंगर ओलांडून चार कोसांवरच्या चर्चला जायला लागलं. माझी आजी तर चालता चालता मोजा विणायची. चर्च येईस्तोवर टाच पुरी!

मग एका जानेवारीत मामा गेला. हिवाळ्यात गेलेल्या माणसाला आम्ही कोठारात ठेवतो, मे महिन्यात गाडीरस्ता उघडला की पुरतो. गुट्टोर्म शवपेटी उचलायला आला, तर तालाउगमामीनं दार अडवलं.

"टांगलेल्या मेंढीच्या सुक्या तंगड्यांखाली चार महिने? मी नाही ठेवणार त्याला."

"वहिनी, घोडा पोटापर्यंत रुततोय. नेणार कशानं?"

"त्यानं जे शिकवलं, त्यानंच."

पेटीखाली मामाच्याच स्की बांधल्या. पुढे सहाजण ओढायला, मागे मामीसकट सहाजणी उतारावर दोरानं धरायला. त्यांच्यामागे सगळं खोरं. गुट्टोर्मनं जन्मात स्की घातली नव्हती. बायकोची जोडी घालून तो पडत-उठत आला. कुणी हसलं नाही.

चूक एकच झाली. सवयीनं कुणीतरी पेटीखालच्या स्कींनाही सरसर घसरण्यासाठी डांबर नि चरबी चोळली. कोरडी स्की घराबाहेर काढायची नाही, हे मामानंच आमच्या हाडीमासी भिनवलेलं. शेवटच्या उतारावर पेटीनं वेग घेतला. पुढच्यांनी बाजूला उड्या मारल्या, मागच्यांच्या हातून दोर निसटले, नि मामा एकटाच खाली निघाला. समोर चर्चची दगडी भिंत. आणि भिंतीपासून दोन हातांवर पेटी आपोआप थांबली.

हिवाळ्यात जाणाऱ्यांसाठी, जमीन गोठण्याआधी पानगळीतच खणून ठेवलेल्या खड्ड्यात त्याला त्याच दुपारी ठेवलं.

बरं, डोळे वटारू नका. आपोआप थांबली, हे मी घातलंय. पाच दोर सुटले होते. सहावा मामीनं मनगटाला गुंडाळला होता. ती बर्फात बसली, फरफटत गेली, पण सोडला नाही. नंतर पाद्र्यानं सांत्वनाला हात पुढे केला, तर तिला उजवा उचलेना. तिनं डावा दिला.