साहेबांच्या पायांचा सिग्नल

रस्त्याची वेगमर्यादा कमी करून, पट्टे मारून सिग्नल बसवला, तेव्हापासून रस्ते खात्यातले साहेब हवेतच होते. पायी रस्ता ओलांडणाऱ्यांसाठी हिरवा दिवा किती वेळ ठेवायचा, हे त्यांनी स्वतःच ढांगा टाकत पलीकडे जाऊन ठरवलं होतं.

आज कौतुकानं आईला घेऊन आले. "चल, बघ तुझ्या लेकाची करामत!"

दिवा हिरवा झाला. आई काठी टेकत निघाली, आणि निम्म्यावर पोचते न पोचते तोच लाल झाला. हॉर्नचा नुसता कल्लोळ! साहेबांचं तोंड एवढंसं झालं.

आईनं मात्र काठी काखेत धरून पुढच्या गाडीवाल्याला हात जोडले. "रागावू नका हो. सिग्नल चांगलाय, माझ्या लेकानंच बसवलाय. माझीच मेली पावलं हळू पडतात."