सुलतानाच्या गोळ्या

सटवाचे डोळे पिवळे झाल्याचं पहिल्यांदा ध्यानात आलं ते साखराबाईच्या. मेंढराची बघतात तशी तिने नवऱ्याची पापणी अंगठ्याने खाली ओढली, बघितली, आणि दुसऱ्याच दिवशी केजहून जीप धरून त्याला अंबाजोगाईच्या दवाखान्यात नेऊन घातलं.

सटवाला जुनी कावीळ होती, बी नावाची. ती अंगातून जात नाही, पण रोज एक गोळी घेतली की गप पडून राहते, असं डॉक्टरीणबाईंनी पूर्वीच सांगितलं होतं. तेव्हापासून साखराबाई रोज सकाळी गोळी त्याच्या हातावर ठेवत आली होती. एखादा सण चुकला असेल, गोळी नाही.

आणि तरी कावीळ एकाएकी उसळली होती. डॉक्टरीणबाईंनी रिपोर्ट दोनदा वाचला.

"गोळी चालू असताना असं सहसा होत नाही. मावशी, रोज देता ना?"

"रोज. माज्या हातानं."

"हीच?" त्यांनी गोळ्यांचं पाकीट पुढे केलं.

साखराबाईने पाकीट उलटसुलट करून पाहिलं. तिला वाचता येत नव्हतं.

"आशीच दिसती," ती म्हणाली, आणि मग तिचा धीर सुटला. "माज्याच हातून काई चुकलं आसंल का वो, बाई? म्याच घात केला का ह्यांचा?"

पदर तोंडाला लावून ती रडायला लागली. सासू गेली तेव्हाही ती एवढी रडली नव्हती. खाटेवर पडलेला सटवा पंख्याकडे बघत राहिला. पंखा बंद होता.

"तिची चूक न्हाई," शेवटी तो म्हणाला. "गोळ्या सुलतान खायाचा."

"सुलतान कोण?"

"मेंढा."

डॉक्टरीणबाईंनी पेन खाली ठेवला.

झालं होतं असं, की दिवाळीनंतर सुलतानाने चारा सोडला. जनावरांच्या डॉक्टरने लिव्हर खराब आहे म्हणून सांगितलं, औषध पाजलं, पण भरवसा काही दिला नाही. सटवाने डोकं चालवलं. रोग लिव्हरचा, गोळी लिव्हरची, आणि आपण तर ठणठणीत! मग साखराबाईची पाठ वळली, की हातावरची गोळी गुळाच्या खड्यात बसून सुलतानाच्या पोटात जायची.

"मग? मेला का मेंढा?"

"न्हाई. लई ब्येस हाय. टकरा घेतोय."

"तो त्याच्या औषधानं बरा झाला, मामा. तुमची गोळी सुटली म्हणून तुमची कावीळ उसळली. यात माणूस जातो."

साखराबाईने डोळे पुसले. "मला कावून सांगितलं न्हाई?"

"तू वराडली आसतीस."

हे खरं होतं.

आजार हत्तीच्या पावलांनी येतो आणि मुंगीच्या पावलांनी जातो. डोळे निवळायला लागल्यावर सटवाला घरी सोडलं. तोवर आणि वाटेतही साखराबाई त्याच्याशी कामापुरतंच बोलली.

पहिल्या सकाळी त्याने सवयीने हात पुढे केला. साखराबाईने हातावर काही ठेवलं नाही. तिने त्याचं डोकं काखेत धरलं, गालात अंगठा घालून जबडा उघडला, गोळी जिभेच्या मुळाशी ठेवली, वर घोटभर पाणी ओतलं, तोंड दाबलं आणि गोळी उतरेपर्यंत गळ्यावरून बोटं फिरवली. मेंढराला औषध देताना हेच करतात. सुलतान बाजूला उभा राहून बघत होता.

"म्या काय जनावर हाय का?" सुटल्यावर सटवा खोकत म्हणाला.

"जनावराचं बरं आसतंय. सुलतान मेला तर बाजारातून दुसरा आनता येतोय. तुमी गेल्यावर म्या कोनत्या बाजारात जाऊ?"

दुसऱ्या दिवशी साखराबाई पाण्याचा तांब्या घेऊन आली, तेव्हा सटवा आधीच मान वाकवून, तोंड उघडून बसला होता.