दोन ऑगस्टची दुपार

ते साल १९५७. त्या वर्षी वसंत लांबला, द्राक्षं उशिरा पिकली, आणि चौदा सप्टेंबरचा क्रुसाचा सण दोन दिवसांवर आला तरी आमच्या खळ्यावरचे काळे मनुके अर्धेच वाळले होते. खळं गावाच्या वरच्या अंगाला होतं, शेणानं सारवलेलं, खाली आखाताकडे उतरतं. मी चौदा वर्षांची होते. माझी मोठी बहीण स्तामाता हिची सोयरीक लांब्रोसच्या मुलाशी, थिमिओसशी ठरली होती, आणि खळ्यावर पसरलेला सगळा माल तिच्या हुंड्यात जायचा होता. माल बिघडला तर लग्न होईल का, हे घरात कुणी मोठ्यानं विचारत नव्हतं.

त्या सकाळी लांब्रोस आला. वाकून त्यानं दोन मनुके उचलले. एक चावला, दुसरा बोटांत दाबून पाहिला. बाबांची नजर त्या बोटांवरून हलेना.

"नोतिस, झाकून टाक," तो म्हणाला. "कॉफीच्या दुकानात रेडिओ सांगतोय, इटलीकडून थंड हवा निघालीय. उद्या दुपारपर्यंत पाऊस. मी माझा माल कालच आत घेतला."

"रेडिओ अथेन्सचा. पडू दे की अथेन्सला."

"माझ्या शेळ्यासुद्धा काल डोंगर चढेनात."

"मग शेळ्यांनाच बसव रेडिओत, व्याहीबुवा!"

लांब्रोस हसला नाही. "ताडपत्र्या कमी पडल्या तर माझ्या घे," म्हणाला आणि निघून गेला.

तो वळणाआड जाताच बाबा आईला म्हणाले, "पाहिलंस? अर्धओला दाणा झाकला की घामेजतो, आंबतो. वास सुटला की हाच पहिला नाक धरणार, 'हा कसला हुंडा?' म्हणून. ह्याला सोयरीक मोडायचीय, आणि दोष माझ्या पदरात घालायचाय."

"अहो, ताडपत्र्या देतो म्हणाले ते."

"तेच तर! इतका गोड कधीपासून झाला हा?"

एकदा संशय शिरला की सगळंच तिरकं दिसायला लागतं. थिमिओस रविवारी चर्चमध्ये आला नव्हता. "पायाला लागलंय म्हणे," आई म्हणाली. "म्हणे!" बाबा म्हणाले. थिमिओसच्या आईनं आमच्याकडची पावाची लादी खालून करपलीय का म्हणून उलटी करून पाहिली होती, तेही निघालं. स्तामाता लाकडी दाताळं घेऊन मनुके उलटेपालटे करत राहिली.

शेवटी बाबांनी आजीला विचारलं. आमच्याकडे ऑगस्टच्या पहिल्या बारा दिवसांवरून वर्षाचं हवामान वाचतात. पहिला दिवस ऑगस्टचा, दुसरा सप्टेंबरचा, असं पुढे. सकाळ म्हणजे महिन्याची सुरुवात, दुपार म्हणजे मध्य, संध्याकाळ म्हणजे शेवट. माझी आजी कालिओपी यात इतकी पक्की की वरच्या गावांतून माणसं तिला विचारायला यायची.

"सप्टेंबर कोरडा," आजी म्हणाली. "दोन तारखेला दिवसभर आभाळ काचेसारखं होतं."

बाबांनी मांडीवर थाप मारली. "बघ! आता सांग, कोण खोटं बोलतंय?"

खोटं मी बोलले होते. दोन ऑगस्टला आजी तापानं फणफणली होती आणि आभाळ बघायला तिनं मला बसवलं होतं. सकाळभर मी अंगणात बसले. दुपारी चुलतबहिणीनं शीळ घातली, आणि मी तिच्याबरोबर समुद्रावर पळाले. तिथं एक काळा ढग आला, टपोरे थेंब पडले, आम्ही हसत पाण्यात उभ्या राहिलो. घरी येऊन मी सांगितलं, "स्वच्छ होतं आजी, दिवसभर."

तेव्हाच बोलायला हवं होतं. पण बाबांच्या हाताची भीती होती. आणि खरं सांगायचं तर मलाही वाटायला लागलं होतं की लांब्रोस लबाड आहे. तो लबाड निघाला, तर माझं खोटं कुणालाच नडणार नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी हवा गच्च उभी होती. माश्या चावत होत्या. कुंपणापाशी थिमिओस उभा दिसला म्हणून बाबांनी फाटकाला साखळी घातली आणि कुलूप लावलं. "आमचा माल बिघडतो कधी, तेच बघायला आला असेल," ते म्हणाले. मध्यान्हीला पलीकडचे डोंगर दिसेनासे झाले. पाठोपाठ अर्धं आखात काळं पडलं. स्तामातानं दाताळं थांबवून तिकडे पाहिलं, मग बाबांकडे, आणि पुन्हा खाली मान घालून मनुके ओढू लागली. तिची ती मान मला बघवेना.

मी खळ्याच्या कडेला बसलेल्या आजीच्या कानाशी गेले आणि सगळं सांगून टाकलं.

"किती वेळ पडला?" तिनं विचारलं.

"केस निथळेपर्यंत."

आजीनं मला मारलं नाही. काठी टेकत उठली आणि ओरडली, "नोतिस! झाक!"

"आई, तूच म्हणालीस ना, कोरडा..."

"मी चुकले. झाक म्हणते ना!"

आमच्या चार ताडपत्र्यांनी वरचा भाग कसाबसा झाकला. तेवढ्यात वारा फिरला. असा गार की अंगावर काटा आला. फाटकाशी लांब्रोस आणि थिमिओस उभे होते. गाढवावर ताडपत्र्या लादलेल्या.

बाबा किल्ली हातात घेऊन थांबले. "कशाला आलात?"

"आधी कुलूप काढ," लांब्रोस म्हणाला, "मग निवांत भांडू."

बाबा किल्ली फिरवू लागले, पण ती लागेना. थिमिओसनं वाट पाहिली नाही. ताडपत्र्या कुंपणाच्या भिंतीवरून आत फेकल्या आणि मागून स्वतः चढून आला. पायाला खरंच पट्टी होती, खाली उडी टाकताना ती सुटली. स्तामातानं ताडपत्रीचं दुसरं टोक धरलं. मग पाऊस आला. खळ्याचा खालचा तुकडा आमच्या डोळ्यांदेखत वाहून गेला, जांभळं पाणी वाटेवरून खाली उतरलं. बाकीचा माल वाचला.

संध्याकाळी चूल पेटवून सगळे लोकरीचे कपडे घालून बसलो. बाबांनी लांब्रोसला दारू ओतून दिली, पण त्याच्या डोळ्यांत पाहिलं नाही.

लग्न नोव्हेंबरात झालं. जे वाचलं ते लांब्रोसनं हुंडा म्हणून घेतलं, कमी का म्हणून विचारलं नाही. बाबा मात्र मरेपर्यंत म्हणत राहिले, "तो त्याचा हुंडा वाचवायला आला होता, माझा माल नव्हे." लांब्रोसच्या कानावर हे जायचं. तो म्हणायचा, "म्हणू दे, त्याचा पिंडच तो." दोघं एकाच वर्षी गेले. थिमिओस आणि स्तामाता मेलबर्नला गेले. तिकडे थंडी एप्रिलात सुरू होते, हे तिला अजून पटत नाही. आईचे शेवटचे दिवस माझ्यापाशी गेले.

आजीला पुढच्या ऑगस्टमध्ये कुणी विचारायला आलं नाही. ती तरी बाराही दिवस अंगणात बसली. मला म्हणाली, "तू बस शेजारी, डोळे तुझे चांगले आहेत." माझं खोटं कुणालाही न सांगता दोन हिवाळ्यांनी ती गेली.

मी गावातच राहिले. खळ्यावर आता गवत आहे. दोन ऑगस्टला मी अजून सकाळपासून अंधार पडेपर्यंत अंगणात बसते, आणि कुणी विचारलं तर जे दिसलं तेवढंच सांगते.