माझ्या तोंडची अक्षरे

मित्रांनो, पायाने चालवायची एक जुनी छपाई मशीन तुमच्याशी बोलते आहे. ओतीव लोखंडाची माझी काया, माथ्यावर शाईची गोल तबकडी आणि बाजूला भले मोठे चाक. कारखान्यातल्या मिस्त्रीने मला दहादा खोलून, दहादा जोडून पाहिले होते. म्हणून आजही माझा सांधा कुरकुरत नाही.

मी या छापखान्यात आले तेव्हा मालक तरुण होते. त्यांच्या जोडीला होते जुळारीकाका. शिशाचा एकेक खिळा उचलून ते शब्द जुळवत, म्हणून हे नाव. खिळ्यावरचे अक्षर उलटे असते. काका ते उलटेच वाचत आणि चूक हमखास पकडत. लग्नपत्रिका, पावतीपुस्तके, दुकानांची पत्रके. मला दम खायला फुरसत नसे. "हिच्या छपाईवर बोट फिरवलं की अक्षर हाताला लागतं," असे गिऱ्हाईक म्हणे, आणि मालक उगाचच माझे चाक पुसू लागत.

मग घरोघरी फोन आले. आधी पत्रिका गेल्या, मागोमाग पत्रके. मालक थकले. त्यांच्या लेकीने कारभार हाती घेतला आणि संगणक आणला. सूचना, जाहिराती ती पडद्यावर जुळवी आणि क्षणात लोकांच्या फोनवर धाडी. तिचे चुकले असे मी म्हणणार नाही. ती काळाबरोबर चालली नसती, तर दाराला कुलूपच लागले असते. एका सकाळी खिळ्यांचे खण मोडीत निघाले. काकांनी ते स्वतः टेम्पोत चढवून दिले. मग हात धुतले, चपला घातल्या आणि दुसऱ्या दिवसापासून ते आले नाहीत.

पुढे एका डॉक्टरीणबाईंनी बाळांना लस टोचण्याची सूचना धाडायला सांगितली. लेकीच्या हातून बुधवारऐवजी मंगळवार पडला. चूक उमगेपर्यंत सूचना सगळीकडे पोहोचली होती. तिने दुरुस्ती पाठवली, पण चूक जितकी धावली तितकी दुरुस्ती धावली नाही. मंगळवारी कित्येक आया तान्ही बाळे घेऊन दवाखान्याच्या बंद दाराशी ताटकळल्या. त्यांतली एक छापखान्यात आली. भांडली नाही. "तीन तास चालत आले हो, ताई," एवढेच म्हणाली.

त्याच संध्याकाळी लेक काकांना घेऊन आली. ते दारातच थबकले.

"खिळेच नाहीत, तर मी इथं काय करू?"

"तुमची नजर हवी, काका. मला वाचायला शिकवा."

काका खुर्ची ओढून तिच्याशेजारी बसले. "शेवटच्या ओळीपासून मागं वाचत जा, पोरी. शब्दांच्या अर्थात गुंतलीस की चूक दिसत नाही."

दोन वर्षे ते येत राहिले. नंतर डोळ्यांनी त्यांची साथ सोडली आणि एका थंडीत त्यांनी आमची.

खिळ्यांच्या जागी आता मला धारदार पाती बसवली आहेत आणि मी फोनवरून मागवलेल्या मालाच्या खोक्यांसाठी पुठ्ठे कापते. काम आहे, मान आहे. पण माझ्या तोंडी अक्षर उरलेले नाही.

मित्रांनो, जुन्या यंत्राला वेळच्या वेळी थेंबभर तेल घाला, ते तुम्हाला दगा देणार नाही. आणि एका बोटाने शब्द दूरवर धाडण्याआधी क्षणभर थांबून तो वाचा. तो खरा मानून पलीकडे कुणीतरी घराबाहेर पाऊल टाकणार असते.