सानिकाचा दात

सानिका आपले नाव सांगे, तेव्हा त्यातल्या ‘सा’मधून एक बारीक शीळ निघे, फाल्गुनातला कोरडा वारा दाराच्या फटीतून शिरावा तशी. नऊ वर्षांची पोर, वरचा समोरचा एक दात समूळ गेलेला. आईचा पदर मुठीत धरून ती सांगलीतल्या माझ्या दवाखान्यात उभी होती. जतकडून पोटासाठी आलेले हे धनगर कुटुंब. आई कुपवाडच्या हळदीच्या कारखान्यात कामाला. तिच्या तळव्यांत तो पिवळा रंग इतका मुरलेला, की लग्नघरातून उठून आल्यासारखी वाटावी. डोळे मात्र सुतकातले.

“कधी पडली?”

“परवा, शाळंत. खेळताना दुसऱ्या पोरावर आदळली.”

“आणि आज आणलंत?” माझ्या स्वरात ती सराईत नाराजी होती, जी आम्ही फक्त झिजलेल्या चपलांसमोर काढतो.

“आवं बाई, शाळंतल्या मॅडम म्हणल्या, दुधाचा दात हाय, परत येतोय. पाळी सुटल्यावर आणाय गेले, तवा पोरगी पायरीवर बसल्याली. रुमाल रगतानं भिजला हुता.”

सानिकाने कंपासपेटी उघडली. पेन्सिलीच्या भुशात तो दात होता. मुळासकट, अखंड, कोरडा ठणठणीत. दुधाचा नव्हताच, कायमचा होता.

“ह्यो बसंल का परत?” तिने विचारले.

तिच्या गणवेशावरचे शाळेचे नाव मी वाचले, आणि मला परवाची दुपार आठवली. त्याच शाळेच्या बाई, सानिकाच्या त्या मॅडम, संस्थाचालकांच्या नातवाला मोटारीतून घेऊन आल्या होत्या. त्याच्या दाताचा उडालेला टवका दुधाच्या पेल्यात जपून आणलेला. दात पडला तर दुधात ठेवा, तासाभरात या, हे मीच त्या शाळेत शिकवले होते. टवका चिकटवताना मी विचारलेही होते, “ज्याच्यावर आदळला, त्याला काही लागलं का?” “नाही हो, विशेष काही नाही.” त्या क्षणी सानिकाचा दात अजून रुजू शकला असता. मोटारीत जागा होती.

मी बाईंना फोन केला. “अहो, ती पोरं दणकट असतात,” त्या हसल्या, “त्यांच्यात दाताबिताचं कोण एवढं मनावर घेतं?” त्या मऊ, सुस्नात हसण्याची मला शिसारी आली. नासलेल्या दाताचा दर्प मी रोज घेते, पण तो निदान रोगाचा असतो. “असं करायला नको होतं,” एवढेच मी म्हणाले. पुढच्या महिन्यात त्याच शाळेत माझे दंतशिबिर होते, आणि मला ते हवे होते. ही दुसरी शिसारी स्वतःची. ती चूळ भरून जात नाही.

सानिकाला मी काढता-घालता येणारा दात बसवून दिला. आई वाकून पाया पडू लागली. “लय उपकार झालं बाई.” मी पाय मागे ओढले.

शिबिराला गेले. शाल, नारळ, त्याच बाईंचे गोड प्रास्ताविक. दुधाचा पेला हाती धरून मी तेच जुने सांगत होते, तोच पहिल्या रांगेतून सानिकाचा हात वर झाला.

“पर बाई, दूध कुणी आणायचं?”

बाई हसल्या, त्यांच्यामागे मुलेही हसली. मी मात्र माईक खाली ठेवला आणि पायरीवर बसवून ठेवलेल्या मुलीची हकीकत, कुणाचे नाव न घेता, सगळ्यांसमोर सांगितली. बाईंची मान खाली गेली नाही. त्या शाळेने मला पुन्हा बोलावले नाही. मात्र इतक्या उशिरा बोलून, इतक्या स्वस्तात मी सुटल्याची किळस अजून जिभेवर आहे.

पावसाळ्यानंतर ते कुटुंब कुठेसे निघून गेले. वाढत्या जबड्याबरोबर बदलायचा होता तो दात; ती आलीच नाही. मोकळ्या जागेकडे शेजारचे दात हळूहळू कलत येतात, आणि काही वर्षांनी तिथे कुणी होते हेही कळेनासे होते; काळ माझ्या आठवणीशीही हेच करू पाहतो आहे, आणि मी ती जागा रोज जिभेने चाचपून पाहते.